शिवनाथची बोबडी

ऑफिसात मराठी बोलण्याचा एक फायदा नीलेशला फार आवडायचा. आजूबाजूच्या कुणालाच काही कळत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. रायपुरात वाढलेल्या माणसानं असं मत बाळगावं, हाच खरा गाढवपणा. या गावात कोण कुठल्या पिढीत नागपूरच्या भोसल्यांच्या मागून आला आणि इथलाच झाला, याचा काही पत्ता नाही. आडनाव एक सांगतं, बाजारातली बोली दुसरं सांगते, आणि घरात शिजणारं वरण तिसरंच. पण नीलेश रेल्वे कॉलनीत वाढलेला. वडील गोंदियाहून बदलून आलेले. त्याच्या लेखी मराठी माणूस म्हणजे कॉलनीतला, नाहीतर मंडळाच्या गणपतीत दिसणारा. बाकी सगळे 'इथले'.

एका संशोधन संस्थेच्या संगणक केंद्राचा तो प्रमुख होता. प्रमुख म्हणजे हाताखाली एकच माणूस, यशदीप, आणि काचेच्या थंड खोलीत ओळीनं लावलेले सर्व्हर. हे सगळे सर्व्हर मिळून एकच मोठं गणित सोडवायचे, म्हणून त्या सगळ्यांना मिळून क्लस्टर म्हणायचं. प्रत्येक सर्व्हरला कुणीतरी हौसेनं नदीचं नाव दिलं होतं. महानदी, खारून, पैरी, शिवनाथ. त्यामुळे "खारून बंद पडली" असं फोनवर कुणी म्हणालं की नवा माणूस दचकायचा.

आजवरची पद्धत अशी होती की सर्व्हर बंद पडला की त्यावर काम करणारा प्राध्यापक फोन करून ओरडायचा, आणि मग नीलेशला कळायचं. मे महिन्यात एसीनं मान टाकली की असे फोन रोज यायचे. शेवटी संचालक वैतागले. प्रत्येक सर्व्हरवर नजर ठेवणारी व्यवस्था बसवा, म्हणाले. कोण तापतंय, कोण रिकामं बसलंय, कुणाची डिस्क भरत आलीय, हे सगळं एका पडद्यावर दिसलं पाहिजे आणि बिघाड व्हायच्या आधी आपल्या फोनवर संदेश आला पाहिजे.

हे काम खऱ्या अर्थानं जिनं केलं ती शर्मिष्ठा दीवान, कंत्राटावर आलेली इंजिनीअर. आडनावावरून नीलेशनं तिला छत्तीसगढी ठरवून टाकलं. ती बोलायची हिंदीत, तेही अगदी कमी, कारण बोलताना अडखळायची. पहिल्या दिवशी संचालकांनी सगळ्यांसमोर नाव विचारलं, तर 'श' वरच तिची गाडी थांबली. मान हलकीशी झुकली, डोळे मिटले, आणि नाव बाहेर यायला एवढा वेळ लागला की संचालकांनी फाइल चाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नीलेशच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी सांगायचं होतं. चेहऱ्यावर हसू होतं, श्वासही घेतला होता. नीलेशनं शेजारी बसलेल्या यशदीपकडे पाहिलं. यशदीप नागपूरचा. या दोघांचं दिवसभर मराठीतच चालायचं.

"घे बे, आली बोबडी," नीलेश म्हणाला. "आता हिचं वाक्य संपेपर्यंत तू डबा खाऊन घे."

यशदीप कीबोर्डमध्ये तोंड घालून हसला. शर्मिष्ठानं घेतलेला श्वास सोडला. मग तिनं हिंदीत विचारलं, पिण्याचं पाणी कुठं मिळेल. नीलेशनं अगदी सभ्यपणे बोट दाखवलं, "उधर, दीदी, सीढ़ी के पास."

तेव्हापासून तिचं नाव बोबडी पडलं. हिंदीवाल्यांना हा शब्द माहीत नाही, ही त्यातली गंमत. "बोबडीनं आज लाल कुर्ता घातला." "बोबडीले विचार बे, पैरीवर प्रोग्राम चढवला का तिनं." हे सगळं तिच्यासमोर, तिच्याकडे बघत, हसत. फार वाईट असं काही ते बोलत नव्हते, असं नीलेश स्वतःला सांगायचा. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

काम मात्र ती झपाट्यानं करत होती. प्रत्येक सर्व्हरवर तिनं एक छोटा प्रोग्राम बसवला. तो सर्व्हरची नाडी बघून दर थोड्या वेळानं एका मुख्य मशीनला कळवायचा. तिथं सगळ्यांचे आलेख निघायचे. तापमान ठरावीक रेषेच्या वर गेलं की तिघांच्या फोनवर संदेश. संदेशात काय लिहायचं ते नीलेशच्या हातात होतं, आणि इथं त्याच्या अंगातला विनोद जागा झाला.

शिवनाथचा सेन्सर जरा नाठाळ होता. तापमान रेषेवर लोंबकळत राहायचं. वर गेलं, संदेश. खाली आलं, संदेश. परत वर. ही अडखळ पाहून नीलेशला राहवलं नाही. शिवनाथच्या संदेशात त्यानं लिहिलं, "शिवनाथची बोबडी वळली बे!"

आता ते वाक्य दिवसभर तिघांच्या फोनवर वाजायला लागलं. यशदीपच्या डोळ्यात पाणी यायचं हसून हसून. शर्मिष्ठा फोन बघायची आणि पालथा ठेवायची. हे काय लिहिलंय, असं तिनं एकदाही विचारलं नाही. नीलेशच्या डोक्यात थोडा जरी प्रकाश असता तर त्याला तेव्हाच कळलं असतं. जे वाचता येतं पण समजत नाही, त्याचा अर्थ माणूस विचारतोच. विचारत नाही तो अर्थ कळलेला माणूस.

तिनं फक्त उपाय सांगितला. "स-सर, तुरंत मत भ-भेजिए. थोड़ा रुकना च-चाहिए. गर्मी टिकी रहे, त-तब बताना." म्हणजे संदेश सोडण्याआधी मशीननं जरा दम धरायचा. तिनं तशी वेळ बसवून दिली आणि शिवनाथची कटकट थांबली. खरंच तापली तरच ते वाक्य यायचं. वाक्य मात्र कुणी बदललं नाही.

व्यवस्था तयार झाली तेव्हा संचालकांनी बाहेरची समिती बोलावली. शर्मिष्ठाची कंत्राटी जागा पक्की करायची की नाही, हे त्या समितीच्या हातात होतं. "जिसने बनाया है, वही समझाएगा," संचालक म्हणाले. समितीनं तिचं काम तिच्याच तोंडून ऐकलं तर तिचं भलं होईल, असा त्यांचा हेतू होता.

नीलेश त्यांच्या खोलीत गेला आणि दार लोटून म्हणाला, सर, ती बोलताना अडखळते, समितीपुढं फजिती होईल, त्यापेक्षा मीच सांगतो. हे बोलताना आवाजात काळजी होती. थोडी खरीसुद्धा असेल. पण पडद्यासमोर आपण उभं राहायचं, हे त्याला आवडलं होतं, हेही तेवढंच खरं. बाहेर येऊन त्यानं शर्मिष्ठाला सांगितलं, "आपको तकलीफ़ नहीं होगी, मैं बोल दूँगा."

"ठ-ठीक है," ती एवढंच म्हणाली.

समिती यायच्या आदल्या दिवशी ती आलीच नाही. ताप आल्याचा निरोप होता. दाखवायच्या सगळ्या गोष्टी ऑफिसच्या ज्या लॅपटॉपमध्ये होत्या, तो तिच्या घरी. फोन बंद. संध्याकाळी नीलेश चरफडत स्कूटर घेऊन निघाला. समता कॉलनीतल्या आपल्या घराकडे न वळता ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत शिरला. एका देवळाजवळ स्कूटर लावली, विचारत विचारत गल्लीतलं घर शोधलं. खाली शिंप्याचं दुकान, वर जायला अरुंद जिना.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून एका मुलीचा आवाज येत होता. भरधाव, खणखणीत, हसता हसता रागावणारा.

"बाबा, स्वतःची गोळी तुम्ही विसरता अन् मले म्हणता ताप अंगावर काढते! थर्मामीटर कुठं ठेवला? फ्रिजवर? फ्रिजवर कोणी थर्मामीटर ठेवते का? उद्या दूध उशीखाली ठेवान अन् म्हणान मांजरीनं नेलं!"

नीलेशला हसू आलं. कुणा मराठी माणसाच्या घरी चुकून आलो, असं त्याला वाटलं. एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले.

"शर्मिष्ठा जी का घर किधर पड़ेगा?" नीलेशनं विचारलं.

"यही है. आप ऑफिस से?" त्यांनी चष्मा वर केला. "नीलेश साहेब तर नाही तुम्ही?"

"हव," नीलेशच्या तोंडून निघालं.

"मग हिंदीत काहून बोलून राहिले बाप्पा! या, आत या. मी शरच्चंद्र दीवान, शर्मिष्ठाचा बाप. बसा, बसा."

नीलेश खुर्चीवर बसला. आत तोच आवाज स्वतःशी बडबडत डबे उघडत होता. ती दुसरी कुणी असेल, बहीण असेल, असं त्यानं मनातल्या मनात देवाला सांगून पाहिलं.

"आवाज ऐकून राहिले ना?" शरच्चंद्रकाका कौतुकानं म्हणाले. "तापातही तोंड बंद नाही पोट्टीचं. आम्ही इथले जुने, भोसल्यांच्या वेळचे. घरात मराठीच. शाळेत हिला हिंदीत धडा वाचाले उभं केलं, पोट्टे हसले, तवापासून हिंदीत जीभ अडते. मराठीत आजवर एकदाही अडली नाही. एकदाही नाही. पण बाहेर मराठी बोलाले आहे कोण इथं?"

नीलेशनं काहीतरी हुंकार दिला.

"तिकडे भिलाईले चांगली नोकरी लागून राहिली होती. पण तुमच्याकडे पहिल्या दिवशी जाऊन आली अन् अशी खूश! म्हणे, बाबा, तिथं दोघं मराठी बोलतात, अगदी आपल्यासारखं, मले-तुले. म्हणे, उद्या गेल्या गेल्या त्यायले सांगते, मीही मराठी हाओ. मी म्हटलं, सुटली माझी पोरगी. भिलाईले 'नाही' म्हणून कळवून टाकलं." ते पुढं वाकले. "बोलते ना तुमच्याशी मोकळी?"

टेबलासमोर उभी राहिलेली ती, ते हसू, तो घेतलेला श्वास, सगळं नीलेशच्या डोळ्यांपुढं आलं. ती पाणी विचारायला आलेली नव्हती. ज्या दारातून ती पोर मोकळी होऊन आत येणार होती ते आपण हसत हसत तिच्या तोंडावर लावलं, आणि वर तिला पाण्याची जागा दाखवली. आपली आपल्यालाच एवढी शिसारी त्याला आजवर कधी आली नव्हती.

"बोलते," तो म्हणाला. "हो, बोलते ना."

तेवढ्यात शर्मिष्ठा बाहेर आली. हातात थर्मामीटर, केस विस्कटलेले, चेहरा तापानं लाल. त्याला पाहिलं आणि दारातच थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त पकडलं गेल्याची भीती होती, जणू काही लबाडी तिनंच केली होती.

"स-सर, आप?"

"अवं, हिंदीत काय बोलते?" शरच्चंद्रकाका हसले. "आपलेच आहेत ना."

"ऑफिसची सवय, बाबा," ती वडिलांकडे बघत सरळ, एका दमात म्हणाली. "लॅपटॉप पाहिजे असेल त्यांना. आणते मी."

ती आत वळणार तोच काकांना काहीतरी आठवलं. "थांब वं. साहेब, एक विचारायचं राहिलं. ही म्हणते, तुम्ही दोघांनी हिला लाडाचं नाव ठेवलं आहे. पण काय ते सांगतच नाही. काय म्हणता हो आमच्या शर्मिष्ठाले?"

शर्मिष्ठा पाठमोरीच उभी होती. नीलेशला वाटलं, सांगावं. काकांच्या पाया पडावं आणि सांगावं. पण तसा माणूस वेगळा असतो.

"दीदी," तो म्हणाला. "दीदी म्हणतो आम्ही."

"दीदी?" काकांचा चेहरा जरा उतरला. "ते तर सगळेच म्हणतात."

शर्मिष्ठा आत गेली. लॅपटॉप आणून तिनं त्याच्या हातात दिला, चार्जरची वायर नीट गुंडाळून. चहा झाल्याशिवाय काकांनी सोडलं नाही. तो चहा त्यानं कसा संपवला हे त्याचं त्यालाच ठाऊक. जिना उतरताना तिचा आवाज पुन्हा ऐकू येईल म्हणून तो क्षणभर थांबला, पण वरती सगळं गप्प होतं.

घरी तो जेवला नाही. बायकोनं विचारलं तर डोकं दुखतं म्हणाला. रात्रभर त्यानं आपल्या बाजूनं बोलणारं एखादं वाक्य शोधलं. आम्हाला काय माहीत ती मराठी आहे? पण हे वाक्य मनात आलं की त्याच्या मागोमाग दुसरं यायचं. मराठी नसती तर चाललं असतं का?

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठून त्यानं शिवनाथचा तो संदेश पुसला आणि साधं हिंदी वाक्य लिहिलं, तापमान वाढलंय एवढंच. पुसायला काहीच वेळ लागला नाही. लिहायलाही लागला नव्हता. यशदीप आल्यावर त्यानं त्याला बाजूला घेतलं.

"ती मराठी आहे बे."

"कोण?"

"शर्मिष्ठा."

यशदीपचं तोंड उघडंच राहिलं. "काहून मस्करी करून राहिला?"

"पहिल्या दिवसापासून सगळं समजते तिले. सगळं."

त्या दिवशी तो नंतर एक शब्दही मराठीत बोलला नाही, हिंदीतही फारसा नाही.

ताप उतरला नव्हता तरी शर्मिष्ठा आली. समिती बसली, पडदा उजळला, नद्यांची नावं हिरव्या रंगात उमटली. नीलेश उठला. रात्री त्यानं एक ठरवलं होतं, आणि ते त्याला फार उदार वाटत होतं. तो समितीला म्हणाला की हे काम सगळं शर्मिष्ठाजींचं आहे, माझं यात काही नाही, आणि त्याच समजावतील. इथवर ठीक होतं. मग तो तिच्याकडे वळला आणि भर सभेत मराठीत म्हणाला, "शर्मिष्ठाताई, तुम्ही मराठीत सांगा. मी हिंदीत करून सांगतो."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "अच्छा, आप मराठी हैं?" संचालकांनी कौतुकानं विचारलं. समितीतल्या एक बाई हसल्या. शर्मिष्ठाचा चेहरा पांढरा पडला. जी गोष्ट तिनं इतके महिने राखून ठेवली होती, ती यानं आपल्या मनावरचं ओझं उतरवण्यासाठी न विचारता चव्हाट्यावर मांडली होती. बोलून झाल्यावर ते नीलेशला कळलं. त्याला प्रत्येक गोष्ट बोलून झाल्यावरच कळत होती.

ती उठून पडद्याजवळ गेली. पाणी प्यायली. समितीकडे बघत म्हणाली, "म-मैं हिंदी में ही बताऊँगी. थ-थोड़ा समय लगेगा."

आणि वेळ लागला. काही शब्दांवर ती थांबली, डोळे मिटले, परत आली. 'तापमान' या शब्दाशी तर तिची झटापटच झाली. एक प्राध्यापक तिच्यासाठी शब्द पुरवायला गेले, तर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि तो शब्द स्वतःच पूर्ण केला. नीलेश मान खाली घालून बसला होता. तिचा आवाज काल घरात कसा धावत होता हे त्या खोलीत फक्त त्याला माहीत होतं, आणि आता प्रत्येक अडखळ त्याला आपल्या हातानं केल्यासारखी बोचत होती. सगळं सांगून झाल्यावर समितीतल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले. तिनं त्यांचीही उत्तरं दिली. बाई म्हणाल्या, इतकं नीट समजावून आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. संचालकांच्या चेहऱ्यावरून तिची जागा पक्की झाल्यासारखीच वाटत होती.

माणसं चहाला गेली. यशदीप त्यांच्या मागोमाग निसटला. खोलीत ती वायरी गोळा करत होती. नीलेश जवळ जाऊन उभा राहिला. आता टेबलासमोर उभं राहायची पाळी त्याची होती, आणि शब्द त्यालाच फुटत नव्हते.

"शर्मिष्ठाताई," तो मराठीत म्हणाला. "मले माफ करा. मी जे काही बोललो ना, ते... मले लाज वाटून राहिली. खूप. काकांसमोरही खोटं बोललो. तुम्ही रागावा, काय म्हणायचं ते म्हणा. पण एकदा मराठीत बोला माझ्याशी."

तिनं वायर गुंडाळून पिशवीत ठेवली. त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, तुच्छताही नव्हती. एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तसं तिनं शांतपणे उत्तर दिलं.

"स-सर, म-म..." शब्द अडला. मान झुकली, डोळे मिटले. नीलेश थांबला. या वेळी त्यानं मध्येच शेरा मारला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. "म-मराठी मैं घ-घर में बोलती हूँ."

एवढं म्हणून ती पिशवी उचलून निघून गेली. हेच वाक्य तिला मराठीत एका दमात म्हणता आलं असतं.